रंग एकालाच येतो

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी साडेनऊला किल्ली हातात आली आणि संध्याकाळी पाचपर्यंत घर लावून झालं. सामान वर चढवणाऱ्या दोघांनी मला तीनदा विचारलं, बाकीची माणसं कधी येणार. तिसऱ्या वेळी सांगितलं की बाकीची माणसं म्हणजेही मीच, आता कपाट जरा डावीकडे घ्या.

एकतीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात रेक्टर होते. तिथली खोली संस्थेची. निवृत्तीनंतर दोन वर्षं दादाकडे काढली. तिथे माझी कॉट बोळात होती. येणारा-जाणारा तिला वळसा घालून जायचा आणि जाताना 'झोपल्यात वाटतं' म्हणायचा. दादा-वहिनी वाईट नाहीत, पण बोळात कॉट असलेल्या माणसाला घरात मत नसतं. आता या घराच्या कागदावर फक्त माझं नाव आहे. इथून मला कुणी सरकवणार नाही. हे वाक्य लिहून बरं वाटलं, म्हणून पुन्हा वाचलं.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दार उघडलं की हॉल, त्यातून चार पावलांचा बोळ, बोळाच्या एका बाजूला झोपायची खोली आणि समोर स्वयंपाकघर. हॉलला कोपऱ्यात मोठी खिडकी. तिथे वाचायची खुर्ची ठेवली. समोरच्या भिंतीला लोखंडी स्टँडवर सहा फुटी काचेची टाकी आहे, माशांची. आधीच्या मालकाची, रिकामी. घर दाखवणारा एजंट म्हणाला की ती जिन्यातून उतरवणं कठीण म्हणून राहिली, हवी तर फोडून देतो. मी म्हटलं, फोडायची कशाला? कॉलेजात माझा विषय प्राणिशास्त्र होता. पुस्तकात पाठ केलेले मासे जिवंत बघायला हरकत नाही.

वसतिगृहात रोज अहवाल लिहायची सवय. आता वाचणारं वरिष्ठ कुणी नाही. तरी लिहिणार.

४ नोव्हेंबर, मंगळवार

माशांचं दुकान सापडलं. बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे, अरुंद आणि खूप खोल. दोन्ही बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत टाक्या. मालक साठीचा, पूर्वी बस चालवायचा. अजूनही बोलताना समोर न बघता डाव्या-उजव्या आरशात बघितल्यासारखं बघतो. टाकी केवढी ते सांगितल्यावर त्याने हातातलं जाळं खाली ठेवलं. म्हणाला, मॅडम, एवढ्या टाकीत चिमुकले मासे सोडाल तर मैदानात बटणं सांडल्यासारखी दिसतील. तुम्ही सिक्लिड जातीचे मोठे मासे घ्या.

मग त्याने तासभर सिक्लिड दाखवले. मी वसतिगृहात प्रवेशाच्या मुलाखती घ्यायचे तसे प्रश्न विचारले. स्वभाव कसा, खातो काय, भांडतो का, किती वर्षं राहणार. ऑस्कर हा मोठा, काळा-नारिंगी, कुत्र्यासारखा मागे मागे येतो, पण खाऊन घाण फार करतो. नापास. कपाळावर मोठं टेंगूळ असलेला लाल मासा मला बघताच काचेवर धडकला. असे पालक मी बरेच पाहिलेत. नापास. एक पिवळाधमक होता, शांत, पण दुसऱ्या दिवशी आठवणार नाही असा.

शेवटी तो दिसला. तोंड गडद निळं, शाईची दौत कलंडल्यासारखं, आणि अंग नारिंगी. पीकॉक म्हणतात त्याला. त्याच्या टाकीत त्याच जातीचे आठ-दहा होते. बाकीचे सगळे राखाडी. मी विचारलं, त्या माद्या का? दुकानदार म्हणाला, नाही, तेही नरच आणि भाऊच. पण एका टाकीत रंग एकालाच येतो. जो मोठा होऊन बसतो त्याचाच खुलतो. बाकीचे रंग दाबून, पंख मिटून, कडेकडेने राहतात. रंग दाखवला की मार बसतो. मोठ्याला बाहेर काढलं तर दोन दिवसांत दुसरा कुणीतरी रंगतो.

पुस्तकात हे नव्हतं. मी तो रंगीत ठरवला. एकटाच ठेवणार. एकट्याला स्पर्धाच नाही, रंग टिकेल. दुकानदार म्हणाला, एकटाच? करमेल का त्याला? मी म्हटलं, करमतं.

आधी पाणी भरून चार दिवस फिल्टर चालवायचा, मग मासा.

९ नोव्हेंबर, रविवार

टाकी भरली. खाली वाळू, मागे दगडांच्या दोन राशी, मध्ये मोकळं. फिल्टर सतत हलका गुरगुरतो, घरात कुणी असल्यासारखं वाटतं.

समोरच्या घरात नर्स राहते. चाळिशीची, ड्यूटी संपवून येते तेव्हा चपलासुद्धा हातात घेऊन चढते. आज दारात भेटली. मला काकू म्हणाली. मी म्हटलं, आत ये, चहा टाकते. आली खरी, पण बसली नाही. चपलांच्या रॅकला टेकून, उभ्याउभ्या अर्धा कप प्यायली आणि घाईत आहे म्हणून गेली. तिच्या घराचं दार त्यानंतर बराच वेळ उघडंच होतं. ती कठड्याशी उभी राहून फोनवर निवांत बोलत होती.

असो. लोकांना माझी भीती वाटते. वसतिगृहातल्या मुली पाठीमागे मला फौजदार म्हणायच्या.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मासा आणला. पिशवीत निळा-नारिंगी पेटलेला होता, रस्त्यात दोन माणसं थांबून बघत राहिली. पिशवी अर्धा तास टाकीच्या पाण्यात तरंगत ठेवली, मग सोडलं. त्याने मोकळ्या जागेत एक मोठी चक्कर मारली, मध्यावर आला, खिडकीकडे तोंड केलं आणि थांबला.

माझ्या डोळ्यांदेखत रंग गेला. पाच मिनिटंही लागली नसतील. नारिंगी आधी गेला, मग निळा. पंख मिटले. मान खाली घालून तो फिल्टरच्या नळीमागे जाऊन उभा राहिला, राखाडी.

फोनवर दुकानदार म्हणाला, नवी जागा आहे, दोन दिवस द्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार

चार दिवस झाले. राखाडीच. नळीमागून हलत नाही. आज दुकानदार स्वतः आला. पाणी तपासलं, उत्तम निघालं. मग काचेला नाक लावून त्याने मला विचारलं, दुसरा कुठला सोडलात? मी म्हटलं, कुठलाच नाही. तो म्हणाला, असं कसं, हा तर हरलेला दिसतोय. मोठ्यासमोर उभे राहतात तसा उभा आहे बघा, अंग तिरकं, मान खाली. मग माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, तुम्हालाच मोठं मानलंय त्याने. शाळेत हेडबाई समोर आल्या की माझंही असंच व्हायचं.

हसले मी. पण ते मनाला लागलं. एकतीस वर्षांत किती जणी माझ्यासमोर अशा तिरक्या उभ्या राहिल्या असतील.

दुकानदार मासा डब्यात घालून घेऊन गेला. म्हणाला, दुकानात एकटा ठेवून बघतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दुकानात दोन तासांत रंगला म्हणे. मी जाऊन पाहिलं. मी समोर उभी असताना पेटलेला होता. म्हणजे मला घाबरत नाही. घरी आणला, पाण्यात सोडला, खिडकीकडे तोंड केलं, राखाडी.

दुपारभर मी बोळातून, दाराच्या फटीतून नजर ठेवली. हॉलमध्ये कुणी नव्हतं. तरी तो हॉलच्या खिडकीच्या कोपऱ्याकडेच बघत होता. तिथे माझी खुर्ची आहे, बाकी काही नाही.

संध्याकाळी जिन्यात नर्स भेटली. आधीच्या मालकाबद्दल विचारलं. एकटे आजोबा होते, म्हणाली, स्वभावाने गरीब. शेवटचे सहा महिने स्वयंपाकघरातच झोपायचे, थंडी वाजते म्हणून असेल. मग वृद्धाश्रमात गेले. तिथे तब्येत मात्र सुधारली. मी विचारलं, मासे कुठले होते त्यांच्याकडे? तिने आठवून सांगितलं, नाव काही माहीत नाही काकू, पण टाकी भरलेली असायची. ते राखाडी मासे पाळायचे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज एक काम केलं. वसतिगृहात प्रत्येक खोलीचा नकाशा काढून कोण कुठे बसतं-उठतं त्याच्या खुणा करायचे. त्यावरून खोलीत कुणाचं चालतं ते न विचारता कळतं. या घराचा तसाच नकाशा काढला आणि गेल्या आठवड्यात मी कुठे कुठे होते तिथे पेन्सिलीने टिंबं दिली.

स्वयंपाकघरात टिंबंच टिंबं. झोपायच्या खोलीत पुष्कळ. हॉलमध्ये दारापासून बोळापर्यंत, भिंतीला धरून, एक रेघ. खिडकीकडचा अर्धा हॉल कोरा.

वाचायची खुर्ची मी हौसेने तिथे ठेवली आणि वाचते मात्र स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. का, ते मला सांगता येत नाही. कुणी अडवलं नाही, काही दिसलं नाही. फक्त तिकडे जायचं मनातच येत नाही. दोन माणसं महत्त्वाचं बोलत बसली असतील तिथे आपण जात नाही, तसं.

वसतिगृहातही दर वर्षी खोलीत एखादी मुलगी अशी असायची. विचारलं तर म्हणायची, मला इथेच आवडतं मॅडम, दाराशी वारा येतो.

आता मी हे मूर्खासारखं लिहीत राहणार नाही. मुद्दाम गेले, खुर्चीत बसले, घड्याळ लावून दहा मिनिटं. सहाव्या मिनिटाला मी बोळात उभी होते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दुकानदाराला फोन केला. माशाबद्दल विचारतेय असं दाखवलं. टाकीत आधीपासून कुणी जागा बळकावून बसला असेल आणि नवा सोडायचा असेल, तर काय करता? तो म्हणाला, सोपं आहे. सगळे दगड हलवायचे. कोण कुठल्या जागेचा मालक ते सगळेच विसरतात, हद्दी पुसल्या जातात, पुन्हा पहिल्यापासून सुरू.

मला हसूच आलं. हेच तर मी एकतीस वर्षं केलं. दर सत्राच्या पहिल्या दिवशी सगळ्या कॉटा उलटसुलट. खिडकीवाली दाराशी, दारावाली कपाटाशी. कुणी खोलीची राणी होऊन बसता कामा नये. मुली रडायच्या, पालक भांडायला यायचे, मी ऐकलं नाही.

या घरात मी नवी आहे, हे कबूल. पण घर माझं आहे. उद्या दगड हलवणार.

२३ नोव्हेंबर, रविवार

पहिल्या दिवशी सामान चढवणारी तीच दोन माणसं बोलावली. हॉल झोपायच्या खोलीत, झोपायची खोली हॉलमध्ये. कॉट थेट खिडकीच्या कोपऱ्यात. कपाट बोळाच्या तोंडाशी, टेबल जिथे काहीच नव्हतं तिथे. पडदे बदलले. टाकीतलेही दगड उपसून दुसऱ्या बाजूला रचले. माणसं म्हणाली, बाई, तीन आठवड्यांपूर्वीच तर लावलं होतंत. मी म्हटलं, सत्र बदललं.

चार वाजता काम संपलं. साडेचारला मासा नळीमागून बाहेर आला. मध्यावर थांबला. तोंडावर निळा चढला, मग पाठीवर, मग सगळं अंग नारिंगी. पंख उघडले तेव्हा त्यांना पांढरी कड आहे हे मला पहिल्यांदा दिसलं.

मी खिडकीतल्या कॉटवर बसून, पाय पसरून, अंधार पडेपर्यंत बघत होते. दादाला फोन केला. वहिनीने घेतला. म्हणाली, वन्सं, मासा पाळलात? आम्ही इतकी माणसं कमी पडलो का? मी म्हटलं, तो निदान टीव्ही मोठा लावत नाही. दोघी हसलो. फोन ठेवल्यावर घर फार शांत वाटलं, पण वाईट नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी दोनला खिडकीतल्या कॉटवर आडवी झाले. चार वाजता भान आलं तेव्हा बोळात जमिनीवर बसले होते, पाठ भिंतीला, गुडघे छातीशी. कॉटवरून कधी उठले ते आठवत नाही. कॉटवरची चादर ओढून मधोमध खळगा पडलेला. माझ्या अंगाच्या मानाने फार मोठा.

मासा राखाडी. आता तो एका कोपऱ्याकडे बघत नाही. टाकीच्या लांबीभर, सावकाश, कुणाच्या तरी मागे मागे डोळे फिरवतो. खिडकीपासून दारापर्यंत. दारापासून खिडकीपर्यंत.

दुकानदाराला पुन्हा फोन. सांगितलं, दगड हलवले, एक दिवस रंगला, आता पहिल्यापेक्षा वाईट.  त्याने विचारलं, मोठ्याला आधी बाहेर काढलं होतं ना? मी म्हटलं, म्हणजे? तो म्हणाला, मॅडम, आधी मोठ्याला वेगळ्या टाकीत ठेवायचं चार-पाच दिवस. मग दगड हलवायचे. मग त्याला परत. तो आत असताना हलवले तर हद्दी सगळ्यांच्या पुसतात, त्याच्याही. आधी अर्ध्या टाकीवर समाधान मानायचा, आता सगळी घेतो. कारण ताकद तीच असते ना. दगड हलवून ताकद हलत नाही.

वसतिगृहात मला हे कधी कुणी सांगितलं नाही. मी कॉटा हलवायचे आणि दार लावून अहवाल लिहायला जायचे. नवव्या-दहाव्या दिवशी कोण कुठे झोपतंय हे पाहायला मी एकदाही परत गेले नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

हॉल गेला.

दुसरा शब्द सापडत नाही. बाहेर पडायचं तर हॉल ओलांडावा लागतो. मी भिंतीला धरून, तिरकी, मान खाली घालून जाते. आरशात स्वतःला तशी जाताना पाहिलं आणि थांबले. मुद्दाम ताठ झाले, हॉलच्या मधून चालले. मागून स्वेटर ओढला गेला. खिळा नाही, कडी नाही. स्वेटरची कड अर्धचंद्रासारखी तुटली आहे, कातरलेली नाही, तोडलेली.

माशाचीही शेपटी झालरीसारखी फाटली आहे. टाकीत तो एकटा आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी बागेच्या बाकावर जाऊन बसले. तिथे काहीच होत नाही. पाठ ताठ होते, आवाजही माझा असतो. अकरा वाजेपर्यंत बसले. शेजारी एक जोडपं येऊन बसलं, त्यांच्याशी हवेबद्दल बोलले. ते उठून गेले तेव्हा मीही उठले, कारण लोकांना घरी जायचं असतं.

दादाचा फोन. आवाज का असा, विचारलं. म्हणाला, उगाच हट्ट करू नकोस, ये परत, तुझी कॉट आहे तिथेच आहे. बोळात. मी म्हटलं, मी माझ्या घरात मजेत आहे.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हे मी बोळात उभी राहून बोलत होते.

२ डिसेंबर, मंगळवार

नर्स भेटली. काकू, चेहरा किती उतरलाय, म्हणाली. रक्त तपासून घ्या, अंगात रंगच नाही. तिला सांगणार होते. तिने माझ्याकडे चला म्हटलं असतं तर गेलेही असते. तोंड उघडलं आणि म्हटलं, मला इथेच आवडतं.

कुणाचं वाक्य आहे हे मला ठाऊक आहे.

ती आठवडाभर गावी जाते आहे. दाराला कुलूप.

३ डिसेंबर, बुधवार

झोपायची खोली — म्हणजे आता जिथे टेबल आणि खुर्ची आहे ती — तीही गेली. दुपारी चष्मा आणायला गेले. दारातच गुडघे वळले, आपोआप. चष्मा राहिला तिथेच. दंडावर निळी खूण आहे, बांगडीएवढी.

स्वयंपाकघरात गादी आणली. ओढत. भिंतीकडेने.

४ डिसेंबर, गुरुवार

फोन हॉलमध्ये चार्जिंगला. दोनदा वाजला. दादा असेल. दुसऱ्यांदा खूप वेळ वाजत होता — मी बोळाच्या तोंडापर्यंत —

नाही जमलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्ता दिसतो. भर दुपार, माणसं जातायत. मी आयुष्यात कधी खिडकीतून हाक मारलेली नाही. आज मारली. एक बाई थांबली, वर पाहिलं, खिडक्या न्याहाळल्या. मी हात हलवत होते. तिची नजर माझ्यावरून सरळ पुढे गेली, रिकाम्या खिडकीवरून जाते तशी. मग गेली.

५ डिसेंबर, शुक्रवार

ब्रेड संपला. पाणी आहे.

आता ओट्याकडेही — सकाळपासून ओट्याकडेही नाही. फ्रीज आणि भिंत यांच्यामध्ये जागा आहे. मी बसते एवढी. इथून बोळातून टाकीचं एक टोक दिसतं. नळी. नळीमागे तो.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो. बरं वाटतं थोडं. निदान त्याला माहीत आहे.

एका मुलीचा चेहरा आठवतोय, नाव नाही. दाराशी वारा येतो म्हणायची ती. दाराशी वारा येत नव्हता. वसतिगृहाची इमारत मीच बांधून घेतलेली, मला माहीत —

६ डिसेंबर, शनिवार. सकाळ.

पाय आखडलेत. ऊन आलंय हॉलमध्ये.

तो बाहेर आला. नळीमागून. आत्ता, लिहिता लिहिता. टाकीच्या टोकाशी आला, काचेशी — निळा. तोंड निळं. पंख उघडले, पांढरी कड, सगळा नारिंगी, दुकानात होता त्याहून —

किती सुंदर आहे. याच्यासाठीच आणला होता मी.

रंग आला म्हणजे त्याच्यासमोर कुणी नाही. हॉल मोकळा आहे. बोळ चार पावलं, मग हॉल, मग दार. भिंत नको, मधून जायचं. बाग, मग दादाकडे, बोळातली कॉट चालेल, काहीही चालेल. उठते. हे वाक्य संपवते आणि —

हॉलमध्ये नाही, तर मग

रात्रभर उजव्या खांद्याला गार लागत होतं. फ्रीज आहे म्हणून टेकून बसले होते. पण फ्रीज माझ्या डावीकडे आहे. उजवीकडे तर भिंत, आणि भिंत अशी हलकेच आत-बाहेर